आहेराचे तेल

माझे सारे आयुष्य तेलाच्या एका थरावर तरंगत गेले. हा थर केसाहूनही बारीक असतो. तो आहे तोवर मी आहे. तो तुटला की मी केवळ भंगार. मित्रांनो, मी एक जुना टर्बो आहे आणि आता फार थकलो आहे.

तुमच्यापैकी अनेकांनी मला पाहिलेही नसेल. मोटारीच्या बॉनेटखाली, इंजिनाच्या कुशीत, गोगलगाईच्या शंखासारखे जे लोखंडी वेटोळे असते, तो मी. माझ्या पोटात एक बारीक आस आहे आणि त्याच्या दोन टोकांना दोन लहान पंखे. इंजिनाने टाकून दिलेला तप्त धूर एका पंख्याला फिरवतो. त्याच आसावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा ओढून घेतो, दाबतो आणि इंजिनाला भरवतो. दुसऱ्याने सोडलेल्या उच्छ्वासावर मी जगतो आणि त्यालाच नवा श्वास देतो. माझी एक बाजू निखाऱ्यासारखी लाल होते, दुसरीवरून गार वारा वाहतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये माझा आस कशालाही न टेकता, केवळ तेलावर फिरत असतो. म्हणून इतर यंत्रांना तेल हा आहार असेल. मला तो पायाखालचा रस्ता आहे.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझा पंखा बोटाने हलकेच फिरवला, तो थांबेपर्यंत कान देऊन ऐकले आणि मान डोलावली. पुढे माझे पुष्कळ कौतुक झाले, परंतु त्या मान डोलावण्याइतके निखळ कौतुक मला पुन्हा मिळाले नाही.

माझ्या पहिल्या मालकाने मला फारसे धावू दिले नाही. तो एक अबोल कारकून होता. पावसाळी सकाळी तो गाडी सुरू करी, थोडा वेळ तशीच उभी ठेवी आणि मग सावकाश निघे. ठरल्या दिवशी तो स्वच्छ तेल भरून घेई, कारखान्याने सांगितले होते तेच, दुसरे नाही. तारुण्यात मला तो कंटाळवाणा वाटे. मला वाऱ्याची हाव होती. आज मात्र कधीकधी त्याची आठवण येते आणि वाटते की मला तेव्हा काय मिळत होते ते मला कळलेच नव्हते.

मग तो म्हातारा झाला आणि गाडी विकली गेली. एका जहाजाच्या पोटात, शेकडो जुन्या गाड्यांच्या अंधाऱ्या गर्दीत, मी समुद्र ओलांडून चिलीतल्या इकिके बंदरात उतरलो. तिथे आमच्या गाडीचे उजवीकडचे स्टिअरिंग कापून डावीकडे बसवले. ज्यांनी ते बसवले त्यांचा हात घाईचा होता. अजूनही खड्ड्यातून जाताना समोरची फळी कुरकुरते. नंतर वाळवंट आले, मग डोंगर, मग आणखी डोंगर, आणि शेवटी आम्ही बोलिव्हियातल्या एल आल्तो शहरी येऊन पोहोचलो.

हे शहर इतके उंचावर आहे की इथे माणसे जिना चढताना मध्येच थांबतात आणि दम लागल्याचे लपवण्यासाठी गप्पांचे निमित्त काढतात. हवा विरळ. मोठमोठी इंजिने चढावर घरघरू लागतात. मी मात्र इथे पहिल्यांदा माझ्या जन्माला अर्थ आला असे अनुभवले. विरळ हवा गोळा करून इंजिनाला भरवायची, हेच तर माझे काम. ज्या चढावर इतर गाड्या धापा टाकत, तिथे आमची गाडी गुणगुणत जाई.

मला विकत घेतले ते मार्लेनी चुकिमिया हिने. सणांच्या मिरवणुकांत नाचणाऱ्यांचे झगमगते पोशाख ती शिवते. तिच्या खोलीत दिवसभर शिवणयंत्र चालते आणि जमिनीवर टिकल्यांचा सडा पडलेला असतो. ती फार कमी बोलते. गिऱ्हाइकाने माप चुकीचे सांगितले तरी ती चूक न दाखवता गुपचूप बरोबर शिवून ठेवते. अशा मुलीने कितीतरी वर्षे पैसे साठवून वेगवान गाडी घेतली, याचे गल्लीत सर्वांना नवल वाटले.

"शिंपिणीला विमान कशाला गं?" समोरचा पाववाला विचारी.

"दोरा आणायला," ती म्हणे आणि लाल होऊन आत जाई.

कारण तिने कोणालाच सांगितले नव्हते. दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस आमच्या वस्तीचा सण असतो आणि त्या दिवशी हिमशिखराखालच्या खिंडीपर्यंत गाड्यांची चढाई होते. त्यातल्या एका गटाचा नियम साधा आहे: गाडी जशी कारखान्यातून निघाली तशीच असली पाहिजे, तिला कोणताही वाढीव भाग लावलेला नसावा; डावीकडे आणलेले स्टिअरिंग मात्र चालते. मार्लेनी लहानपणापासून ही चढाई रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहत आली होती. एकदा, फक्त एकदा, तिला ती आतून पाहायची होती. मला हे ठाऊक होते, कारण रिकाम्या रस्त्यावर ती एकटी असली की गाडीशी बोलत असे.

आणि तिला हेही ठाऊक होते की मी मोडलो तर सारे संपले. माझ्या जातीचा टर्बो इथल्या बाजारात मिळत नाही. म्हणून गाडी घेतल्याच्या आठवड्यातच तिने विचारपूस करून माझ्यासाठी योग्य तेल आणून ठेवले होते. पूर्ण कृत्रिम, पाच-तीस क्रमांकाचे. पहिला आकडा थंडीचा, दुसरा उष्णतेचा. गारठ्यात ते पाण्यासारखे धावते आणि माझ्या भट्टीत आल्यावरही त्याचा पोत मोडत नाही. तो डबा तिने टिकल्यांच्या खोक्यांमागे ठेवला होता.

तिथेच तो सहा महिने राहिला.

त्याचे कारण रोमुलो तार्की. हे तिचे पाद्रिनो, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी तिला कडेवर घेऊन उभे राहिलेले धर्मपिता. मोठ्या देहाचे, मोठ्या आवाजाचे ट्रकचालक. मार्लेनीचे वडील खाणीकडे गेले ते परतलेच नाहीत. तेव्हापासून शेजारच्या दारातून येणारी प्रत्येक भाकर आणि प्रत्येक रागावणे यांचेच होते. कोरड्या मैदानात आपल्या ट्रकवर तिला गाडी शिकवली तीही यांनीच. पाय पोहोचेना म्हणून पाठीमागे पिठाचे पोते ठेवून.

इकडे कोणतीही शुभ गोष्ट पाद्रिनोवाचून होत नाही. लग्नात केकचा पाद्रिनो वेगळा, बाजाचा वेगळा. नव्या गाडीलाही असेच मानकरी लागतात. फेब्रुवारी-मार्चात येणाऱ्या कार्निव्हलच्या मंगळवारी घरे, दुकाने, यंत्रे सजवून त्यांवर बिअर शिंपडतात आणि धरणीमातेला तिचा वाटा देतात. त्या दिवशी आमच्या गाडीला फुलांचा मानकरी एक होता, फटाक्यांचा दुसरा, आणि तेलाचा मान, विचारण्याची गरजच नव्हती, रोमुलो तार्की यांचा. मानकऱ्याने दिलेले तेल पुढच्या कार्निव्हलपर्यंत गाडीत राहावे अशी समजूत आहे. मध्येच ते काढणे म्हणजे आहेर परत करणे.

त्यांनी डबा आणला तो रंगीत फितींनी गुंडाळून, दोन्ही हातांवर धरून, बाळाला आणावे तसा. अंगण भरलेले होते. मी बॉनेटखालून वाट पाहत होतो.

"उघड पोरी, उघड! आज हिला दूध पाजायचंय!"

झाकण निघाले आणि तेल पडू लागले. जाड, संथ, वळ्या वळ्यांनी.

"दूध कसलं, खीर आहे ही," त्यांची पत्नी नेमेसिया म्हणाल्या. "वाटीत घ्यावी आणि चमच्यानं खावी."

"घट्ट आहे म्हणूनच चांगलंय! वीस-पन्नास आहे. पातळ तेल म्हणजे पाहुणे वाढले म्हणून पाणी ओतलेलं सूप. लग्न झाल्यापासून माझा ट्रक हेच पितोय."

"आणि लग्न झाल्यापासून खोकतोय."

अंगण हसले. त्या हशात मार्लेनी पुढे झाली. तिचा हात एप्रनच्या टोकाशी चाळा करीत होता.

"पाद्रिनो, मी एक तेल आणून ठेवलं होतं..."

"कसलं गं?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. पाद्रिनोंच्या केसांत रंगीत कागदांचे कपटे अडकले होते आणि चेहरा आनंदाने फुलला होता.

"काही नाही," ती म्हणाली. "हेच छान आहे."

मित्रांनो, त्या तीन शब्दांवर माझे भवितव्य ठरले. त्यांत कोणाचे वाईट चिंतलेले नव्हते. देणाऱ्याचे मन मोठे होते आणि घेणारीचे मन मऊ. मी त्या दोघांच्या मधोमध होतो आणि मला बोलता येत नव्हते.

पहिले काही महिने काहीच बिघडले नाही. हवा उबदार होती, तेल वाहत होते. दर रविवारी पाद्रिनो चर्चहून येताना फडके घेऊन येत, तेल मापायची पट्टी ओढून उजेडात धरीत आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "सोनं आहे सोनं!" मार्लेनी खिडकीतून हसे. मग यंत्रावरचा तिचा पाय थोडा वेळ थांबून राही.

जून आला आणि त्याच्याबरोबर इकडचा हिवाळा. डबक्यांवर बर्फाची पापडी धरू लागली. पहाटे मार्लेनी किल्ली फिरवी, इंजिन दचकून जागे होई, आणि त्याबरोबर मलाही फिरावे लागे. पण तेल कुठे होते? ते खाली, इंजिनाच्या तळाशी, थिजलेल्या मधासारखे पडून होते. पंप त्याला ओढू पाहत होता आणि ते अंग चोरत होते. ते माझ्यापर्यंत येईतो माझा आस कोरडाच फिरे. लोखंडावर लोखंड. काही क्षणांचेच ते दुःख, परंतु रोज पहाटेचे. ज्याने कधी अनवाणी गोठलेल्या गोट्यांवर धाव घेतली असेल त्यालाच ते कळेल.

दुसरी जखम उष्णतेची होती. पाद्रिनोंना गाडीचा फार लळा. "आण किल्ली, फेरी मारतो," म्हणत ते चढावरून तिला पिटाळून आणीत आणि दाराशी येताच खटकन बंद करीत. ट्रकला ते चालून जाई. मी मात्र तेव्हा लाल तापलेला असे. इंजिन थांबले की तेलाचा प्रवाहही थांबतो. माझ्या पोटात उरलेले ते साधे, जाड तेल जागच्या जागी करपे. न घासलेल्या तव्यावर धरते तशी काळी खरपुडी माझ्या तेलाच्या वाटेत धरू लागली. वाट अरुंद झाली. मी पुन्हा उपाशी.

हळूहळू माझ्या आवाजात एक शिट्टी आली. बारीक, लांबट, दुरून कोणी बोलवावे तशी. ज्याच्या कानाला सुईचा सूर माहीत आहे त्याला ती ऐकू येणारच होती. एका सकाळी मार्लेनीने इंजिन सुरू केले, शिट्टी ऐकली आणि लगेच बंद केले. बराच वेळ ती स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली. मग उतरली आणि बसने गेली.

चढाईसाठी तिने नाव दिलेले होते. आता दोन वाटा होत्या. हे तेल काढून टाकायचे, तर पाद्रिनोंना रविवारी पट्टी पाहताच कळणार. न काढायचे, तर मी खिंडीपर्यंत पोहोचणार नाही. ती तेलाच्या दुकानात गेली. गाडी तिने दारातच, इंजिन चालू ठेवून लावली, म्हणून मला सारे ऐकू आले.

दुकानदार ग्रोव्हर मोठा गप्पिष्ट. "चढाईला निघालात? मग हे न्या! रेसचं आहे. दहा-साठ. डबा तरी बघा, ज्वाळा काढल्यात त्यावर!"

"माझी गाडी साधी आहे. काही बदललेलं नाही तिच्यात."

"नसेना का. पळवणार तर आहात?"

"पळते म्हणून तिची तहान बदलत नाही," मार्लेनी म्हणाली. "कारखान्यानं जे सांगितलंय तेच लागतं तिला. पाच-तीस, पूर्ण कृत्रिम."

"मग तेच देतो. किती डबे?"

"घरी आहे माझ्याकडे."

ग्रोव्हरने तिच्याकडे पाहिले. "घरी आहे? मग बाई, इथं काय शोधताय?"

तिची नजर दाराकडे गेली. बाहेर माझी शिट्टी वाजत होती. ग्रोव्हर दारापर्यंत आला, त्याने माझा आवाज ऐकला, आरशाला बांधलेल्या, उन्हाने विटलेल्या फिती पाहिल्या आणि हळूच हसला.

"तेल कोणी घातलंय? रोमुलो तार्कींनी? असं होय. त्यांना सांगायचं राहिलंय. त्याच्यावर नाही हो माझ्या दुकानात काही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्लेनी जांभळ्या मक्याची गरम पेज आणि तळलेल्या पुऱ्या घेऊन शेजारच्या दारी गेली. अंगणात ऊन आले नव्हते. मी कुंपणाशीच उभा होतो. त्या घरातले शब्द मी कितीही प्रयत्न केला तरी विसरू शकत नाही.

"पाद्रिनो, तुमचं तेल काढावं लागणार आहे."

पेल्याचा आवाज थांबला.

"माझं तेल?"

"तेल वाईट नाही. ट्रकला चांगलंच आहे. हिला सोसत नाही."

"इतके दिवस चालली की!"

"चालली नाही. सोसत होती."

त्यांची खुर्ची मागे सरकली. "बरं! गाडी कोणी शिकवली तुला? पोतं कोणी ठेवलं पाठीला? आता तू मला तेल शिकव. ऐकलंस का नेमेसिया, पोरगी मोठी झाली आपली. उद्या म्हणेल बाप्तिस्म्याचं पाणीसुद्धा चुकीच्या नंबरचं होतं!"

मला वाटले, आता ती म्हणेल 'काही नाही, हेच छान आहे', आणि परत येईल. परंतु तिच्या आधी नेमेसियाच बोलल्या. त्याही एके काळी शिवणकाम करीत.

"रोमुलो, तुझ्या ट्रकचं तेल माझ्या शिवणाच्या मशीनमध्ये घाल बघू."

"का म्हणून?"

"घाल ना. सुई हलली तर आजपासून मी तुझा ट्रक धुईन."

"ते मशीन नाजूक असतं."

"आणि हे गाडीतलं काय, नांगर आहे? गोल गोल फिरणारं बारकंसं काहीतरी आहे ना तेही? माणसानं मशीनच्या तोंडाकडे बघून घास द्यावा. स्वतःच्या हाताकडे बघून नव्हे."

दार आपटले. पाद्रिनो ताडताड बाहेर आले, शालही न घेता, आणि बॉनेटजवळ उभे राहिले.

"चालू कर."

काचेवर दहिवर गोठले होते. मार्लेनीने किल्ली फिरवली. मी कोरडा फिरलो. त्या सकाळी मी माझी वेदना लपवली नाही. लपवणे माझ्या हाती नव्हतेही. पाद्रिनो वाकले. हा माणूस तेलाबाबत चुकला असेल, पण साऱ्या आयुष्यात त्याने इंजिनांच्या आवाजावर घाट उतरले होते. शिट्टी ऐकताच त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी इंजिन बंद करायला लावले आणि पट्टी ओढली. तेलाचा थेंब तिच्या टोकाला लोंबकळत राहिला आणि पडेचना.

"हे माझ्यामुळे?"

"थंडीमुळे, पाद्रिनो."

"थंडी मी नाही आणली. तेल मी आणलं." त्यांनी पट्टी पुसली, पुन्हा पुसली. "त्या दिवशी का नाही बोललीस?"

"सगळे होते."

"म्हणूनच बोलायचं होतं की! हसले असते. दोन बाटल्या जास्त फुटल्या असत्या. मी रुसलो असतो, फार तर ईस्टरपर्यंत. रुसलेल्या माणसाला सूप दिलं की तो बरा होतो गं. याला काय देणार आहेस आता?"

त्यांनी स्वतः जमिनीवर आडवे पडून ते तेल काढले. धुण्यापुरते पातळ तेल आत फिरवून मळ बाहेर आणला, गाळणी बदलली, आणि मग मार्लेनीने टिकल्यांच्या खोक्यांमागचा डबा आणला. त्यावर एक हिरवी टिकली चिकटलेली होती.

किल्ली फिरली. आणि मित्रांनो, मी जरासा हललो न हललो तोच तेल आले. कोणी हाक मारण्याआधीच दार उघडावे तसे. पातळ, चपळ, गार. ते माझ्या आसाभोवती पसरले आणि लोखंडाने लोखंडाला सोडले. मला त्या अबोल कारकुनाच्या पावसाळी सकाळी आठवल्या. मला रडता आले असते तर मी रडलो असतो.

परंतु तेल कितीही योग्य असले तरी झिजलेले लोखंड ते परत आणत नाही. पाद्रिनोंनी हवेची नळी काढून आत बोट घातले आणि माझा आस हलकेच वर-खाली करून पाहिला.

"हलतोय," ते म्हणाले.

"किती?"

"हलू नये इतका." मग तिच्याकडे न पाहता म्हणाले, "पोहोचेल वरपर्यंत. नाही पोहोचला तर... माहीत नाही. नाव काढून घ्यायचं तर मी जाऊन सांगतो. चूक माझी म्हणून सांगतो."

"नको," मार्लेनी म्हणाली. "जाऊ या."

चढाईच्या दिवशी आकाश इतके निळे होते की टोचत होते. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसे, बाजा, भाजलेल्या मांसाचा धूर. शेजारच्या आसनावर पाद्रिनो बसले होते, मांडीवर टोपी घट्ट धरून. निशाण पडले आणि मार्लेनीने पाय दाबला.

पहिला अर्धा रस्ता मी म्हातारा नव्हतो. एवढेच सांगतो. हवा विरळ होत गेली, इतर गाड्या एकेक करून दमू लागल्या, आणि मी ती थोडीशी हवा मूठ मूठ गोळा करून इंजिनाला भरवीत राहिलो. वळणामागून वळण गेले. आम्ही एकीला मागे टाकले, मग दुसरीला. मार्लेनी हसत होती. तिला मोठ्याने हसताना मी कधी ऐकले नव्हते.

"अगं आपण तिसरे आहोत!" पाद्रिनो ओरडले. "पोरी, तिसरे!"

आणि मग शिट्टी परत आली. आधी बारीक, मग उंच. प्रत्येक दाबासरशी माझा झिजलेला आस डगमगू लागला आणि पंख्याचे टोक भिंतीला निसटते लागले. आरशात निळसर धुराची एक रेघ दिसली. खिंड समोर होती, थोडीच वळणे उरली होती, आणि पुढची गाडी अगदी हातभर अंतरावर धापा टाकत होती.

"दाब!" पाद्रिनो सारे विसरून ओरडले. "दाब पोरी, गेली ती! दाब!"

त्या क्षणी मी जगतो की मोडतो हे एका पायावर अवलंबून होते. मी वाट पाहिली. त्या अंगणातही मी अशीच वाट पाहिली होती.

"नाही, पाद्रिनो," मार्लेनी म्हणाली.

तिचा आवाज कापत होता, पण तो इंजिनावरून स्पष्ट ऐकू आला. तिने पाय उचलला. माझा वेग उतरला, डगमग थांबली, शिट्टी खाली आली. आसाभोवती तेलाचा थर पुन्हा जुळला. पाद्रिनोंनी मांडीवरची टोपी डोक्यावर घातली.

त्यानंतर सगळ्या गाड्या आम्हाला ओलांडून गेल्या. एकीच्या खिडकीतून कोणी ओरडले, "काय शिंपिणबाई, दोरा संपला का?" दुसऱ्याने उशी हवी का विचारले. मार्लेनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून सरळ समोर पाहत होती. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होते आणि ती ते पुसत नव्हती.

आम्ही खिंडीत सर्वांत शेवटी पोहोचलो. बाजावाले वाद्ये खाली ठेवून जेवायला बसले होते. ग्रोव्हरही तिथे होता. तो म्हणाला, "काय हो रोमुलो, तुमचं विमान शेवटी आलं!"

"शेवटी आलं," पाद्रिनो उतरत म्हणाले. "पण स्वतःच्या पायांनी आलं. ओढून नाही आणावं लागलं. आणि शेवटी का आलं ते माझ्या घरी जेवायला या, सांगतो. गोष्ट माझ्या चुकीची आहे, मीच सांगणार."

मार्लेनी आतच बसून राहिली. तिने इंजिन सावकाश चालू ठेवले होते. गार, योग्य तेल माझ्या लाल पोटातून पुन्हा पुन्हा वाहत गेले आणि थोडी थोडी आग आपल्याबरोबर घेऊन गेले. माझा पोलादी देह हळूहळू काळा झाला. मग तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केले.

मी आजही त्याच गाडीत आहे. पुन्हा चढाईला गेलो नाही, जाणारही नाही. कापडाचे गठ्ठे बाजारातून आणतो आणि पोशाख नाचणाऱ्यांच्या दारी पोहोचवतो. चढ आला की मार्लेनी पाय हलका ठेवते. शिट्टी आहे, ती आता माझ्याबरोबरच जाईल. थकवा इतका आहे की कधी वाटते, त्या दिवशी तिसऱ्या क्रमांकावर मोडलो असतो तर निदान लोकांच्या लक्षात राहिलो असतो. मग तिचा तो कापरा आवाज आठवतो आणि मी फिरत राहतो.

मित्रांनो, तुमच्या घरात जे यंत्र असेल, त्याला काय हवे ते आधी विचारा. महाग आहे म्हणून ते त्याला मानवेलच असे नाही, डब्यावर ज्वाळा आहेत म्हणून नाही, शेजाऱ्याला लाभले म्हणूनही नाही. ज्याने ते घडवले त्याने काय सांगितले आहे ते पाहा, तेच द्या आणि वेळेवर बदला. थंडीत त्याला जागे व्हायला थोडा अवधी द्या आणि धावून आल्यावर निवायला थोडा. आणि जर तुम्हाला माहीत असेल की प्रेमाने आणलेली वस्तू चुकीची आहे, तर भरल्या अंगणात, लाल झालेल्या गालांनी का होईना, ते सांगून टाका. माणसाचा रुसवा निघतो. माझ्यासारख्याची झीज निघत नाही.

उद्या पहाटे डबक्यांवर पुन्हा बर्फ असेल. किल्ली फिरेल आणि तेल माझ्यापर्यंत येईल. गेलेले काही ते परत आणणार नाही, पण ते वेळेवर येईल. थकलेल्याला, मित्रांनो, तेवढेही पुष्कळ असते.